पहिली कॅम्परव्हॅन कोणती घ्यावी? एका घरगुती प्रश्नाचा रिसर्च क्वेश्चन होताना

पेटची परीक्षा पास झालेली, सिनॉप्सिस लिहायला बसलेली मुलं हमखास म्हणतात, "टॉपिक आहे, पण रिसर्च क्वेश्चन बनत नाहीये." यावर पुस्तकी उत्तर देण्यापेक्षा माझ्या मामाच्या घरातला किस्सा सांगते. मामा-मामी रोह्याला राहतात. मामा धाटावच्या एमआयडीसीतून निवृत्त झाला, मामी जिल्हा परिषदेच्या शाळेतून. मामीचं माहेर पेण. मुलं बाहेर, तब्येती धडधाकट, आणि डोक्यात एकच खूळ: राहता येईल अशी गाडी घ्यायची आणि वर्षातले सहा-सात महिने भारत फिरायचा. आळीतले लोक विचारतात, "व्हॅनिटी घेताय का?" कारण आपल्याकडे अशी गाडी लोकांनी पाहिलेली असते ती शूटिंगवालीच.

मामाने मला फोन केला. "तू निर्णयशास्त्रावर पीएचडी करतेस ना? मग सांग, कोणती घेऊ?"

हा टॉपिक झाला. प्रश्न अजून झालेला नाही. निवृत्तीच्या पैशातला मोठा हिस्सा यात जाणार, आणि अशा बांधून घेतलेल्या गाडीला दुसरं गिऱ्हाईक लवकर मिळत नाही. चूक झाली तर ती अंगणात उभी दिसत राहणार. म्हणून मी म्हटलं, मामा, मी गाडी सांगणार नाही. तुम्ही दोघं कसं ठरवताय ते बघते. त्याला ते फारसं आवडलं नाही, पण मामीने लगेच चहा टाकला.

आधी चाळणी, मग तुलना

नवखा संशोधक पहिली चूक इथेच करतो. दिसेल ते एका तक्त्यात भरतो: किंमत, मायलेज, बेड, टॉयलेट, रंग. मग सगळ्यांना दहापैकी गुण आणि शेवटी बेरीज. पण यातल्या काही गोष्टी गुण द्यायच्या नसतातच. त्या असतात किंवा नसतात. मी त्यांना 'अट' म्हणते. ज्यात थोडं इकडे-तिकडे चालतं, एक मिळवायला दुसरं सोडता येतं, तो 'निकष'. अमॉस ट्वर्स्कीने 1972 मध्ये मांडलेली 'एलिमिनेशन बाय अ‍ॅस्पेक्ट्स' ही कल्पना याच्या जवळची आहे: माणूस पर्यायांची बेरीज-वजाबाकी करत बसत नाही, एकेक बाब घेऊन तिच्यात न बसणारे पर्याय उडवत जातो. धोकाही तिथेच आहे. कोणती बाब आधी घेतली यावर काय उरतं ते ठरतं. त्यामुळे जी खरोखर अट आहे तीच चाळणीला वापरायची.

मामाच्या केसमध्ये काही अटी कायद्यानेच दिल्या होत्या. त्याच्याकडे एलएमव्ही लायसन्स आहे. त्यावर 7500 किलो एकूण वजनापर्यंतची गाडी चालते, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तर अशा लायसन्सवर या वजनापर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडीही चालवता येते असा निकाल दिला. भारतात बहुतेक कॅम्पर ज्या फोर्स ट्रॅव्हलरवर बांधतात ती, अगदी 4020 मिलिमीटर व्हीलबेसची लांब असली तरी, या मर्यादेच्या खालीच राहते. म्हणजे ही अट सगळ्यांनी पार केली. वयाची बाजू मात्र लक्षात ठेवावी लागते: पंचावन्न ओलांडल्यावर लायसन्स एका वेळी पाचच वर्षांसाठी नूतन होतं आणि सोबत डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. दहा वर्षांच्या भटकंतीचा हिशोब करणाऱ्याने हे कागदावर लिहून ठेवावं.

दुसरी अट नोंदणीची. मामाचा पहिला बेत होता पिवळ्या पाटीची जुनी ट्रॅव्हलर घेऊन ओळखीच्या सुताराकडून आतलं काम करून घ्यायचं. स्वस्तात मस्त. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. खासगी वापराची कॅम्परव्हॅन नॉन-ट्रान्सपोर्ट म्हणून पांढऱ्या पाटीवर नोंदवता येते, पण त्यासाठी गाडी कागदावरही कॅम्पर असायला हवी. आपल्या रायगडचं एमएच-06 पासिंग पेणच्या आरटीओत होतं. मामीने सुचवलं, "माहेरी जाताय तर आधी तिथे विचारून या, मग सुताराला बोलवा." सुताराचा बेत तिथेच संपला.

कारमागे ओढायचा ट्रेलर तर पाच मिनिटांत गेला. आळीतून तो रिव्हर्स कोण घेणार? उरले दोन प्रकार. एक, लांब ट्रॅव्हलरवर बांधलेली, सुमारे सात मीटरची, आत उभं राहता येईल अशी. दुसरी, पिकअपवर किंवा छोट्या व्हॅनवर बांधलेली, जिच्यात बेड रोज उघडायचा आणि मिटायचा.

मामाचं उत्तर चुकलं नव्हतं, माझा निकष चुकला होता

उरलेल्या दोनांत निवड करायला मी एएचपी वापरलं. थॉमस साटी यांनी 1970 च्या दशकात विकसित केलेली ही पद्धत व्यवस्थापन, नियोजन, भूगोल अशा कितीतरी विषयांच्या प्रबंधांत भेटते, आणि बऱ्याचदा सॉफ्टवेअरमध्ये आकडे टाकून मोकळं होण्यापुरतीच भेटते. मुळात कल्पना साधी आहे. तीन गोष्टींना एकदम गुण देणं माणसाला अवघड जातं. दोनच समोर ठेवून 'यातली कोणती जास्त महत्त्वाची आणि किती पट?' असं विचारलं तर सोपं जातं. 1 म्हणजे सारखं, 9 म्हणजे टोकाचं जास्त.

मी तीन निकष घेतले: आतली सोय, गाडी आटोपशीर असणं, आणि वाटेत कुठेही दुरुस्ती होणं. मामा म्हणाला, आटोपशीर असणं दुरुस्तीच्या तिप्पट महत्त्वाचं. दुरुस्ती सोयीच्या तिप्पट. आता यावरून आटोपशीर असणं सोयीच्या नऊ पट व्हायला हवं. पण तेच थेट विचारल्यावर तो म्हणाला, "दोन्ही सारखंच गं. सोय तर हवीच."

साटींच्या पद्धतीत अशी विसंगती मोजता येते. तिला कन्सिस्टन्सी रेशो म्हणतात आणि तो 0.10 च्या आत असावा असा दंडक आहे. मामाचा आला 0.48.

इथे बरेच विद्यार्थी दोनपैकी एक करतात. उत्तर 'अवैध' म्हणून बाजूला टाकतात, किंवा आकडे थोडे सरकवून रेशो 0.10 च्या आत आणतात. (दुसऱ्या प्रकाराबद्दल उघड कोणी बोलत नाही.) दोन्हींत तुमच्या हातातली सगळ्यात मोलाची माहिती वाया जाते. मी मामाला विचारलं, "सोय हवीच म्हणजे नक्की काय हवं?" तो म्हणाला, "संडास. रात्री दोनदा उठावं लागतं मला. तेवढं आत पाहिजेच, बाकी मी चटईवर झोपेन."

माझ्या 'सोय' या एका शब्दात दोन गोष्टी भरलेल्या होत्या. संडास ही अट होती, आणि मोठा ओटा, कायमचा बेड, उभं राहण्याइतकी उंची हा निकष होता. मामा मधल्या प्रश्नांना निकष धरून उत्तर देत होता आणि शेवटच्या प्रश्नाला अट धरून. विसंगती उत्तर देणाऱ्यात नव्हती, प्रश्नात होती. तुमच्या प्रश्नावलीत एखाद्याची उत्तरं विचित्र आली तर आधी स्वतःचा शब्द तपासा. तो शब्द एकच गोष्ट सांगतोय ना?

संडास अटीत टाकला आणि पुन्हा विचारलं. आता मामा म्हणाला: आटोपशीरपणा दुरुस्तीच्या दुप्पट, दुरुस्ती सोयीच्या तिप्पट, आटोपशीरपणा सोयीच्या पाच पट. तंतोतंत गणिताप्रमाणे सहा यायला हवे होते, पाच आले. एवढं चालतं, रेशो नगण्य आला.

एका घरात दोन नमुने

पहिल्या बैठकीत दोघं समोर होती तेव्हा मामी प्रत्येक प्रश्नाला म्हणत होती, "हे म्हणतील तसं." मी ते लिहूनही घेतलं होतं. संध्याकाळी ती पेणला भावाकडे निघाली होती, मी तिच्यासोबत एसटीत बसले, आणि त्या प्रवासात तेच प्रश्न पुन्हा विचारले. मामीची उत्तरं अशी: सोय आटोपशीरपणाच्या पाच पट, सोय दुरुस्तीच्या दुप्पट, दुरुस्ती आटोपशीरपणाच्या दुप्पट.

अर्थशास्त्रात बराच काळ कुटुंबाला एकच निर्णयकर्ता मानलं जायचं. जणू घराला एकच आवडनिवड असते. पिएर-आंद्रे शियापोरी यांनी 1988 मध्ये मांडलेल्या 'कलेक्टिव्ह' प्रारूपाने ते गृहीतक बाजूला ठेवलं: घरात प्रत्येकाची पसंती वेगळी असते आणि निर्णय त्यांच्यातल्या देवाणघेवाणीतून होतो. वाचताना हे उघडच वाटतं. पण आपण सर्वेक्षणाला गेलो की 'कुटुंबप्रमुख कोण?' विचारतो आणि त्याच्याकडून सगळ्या घराची उत्तरं घेऊन परत येतो.

मामीचं गणित करून दाखवते, कारण ते हाताने जमतं. सोयीच्या आडव्या ओळीत आकडे 1, 5, 2. गुणाकार 10, घनमूळ 2.154. आटोपशीरपणाच्या ओळीत एक पंचमांश, 1, अर्धा. गुणाकार 0.1, घनमूळ 0.464. दुरुस्तीच्या ओळीत अर्धा, 2, 1. गुणाकार 1, घनमूळ 1. तिन्हींची बेरीज 3.618. प्रत्येकाला तिने भागलं की मामीचे भार मिळतात: सोय 0.595, दुरुस्ती 0.276, आटोपशीरपणा 0.128. तसंच मामाचं केलं तर आटोपशीरपणा 0.582, दुरुस्ती 0.309, सोय 0.109.

गटाचं मत काढायचं तर दोघांच्या भारांचं भूमितीय माध्य घेतात. ते घेतलं आणि बेरीज एक केली, तर सोय 0.311, आटोपशीरपणा 0.333, दुरुस्ती 0.356. जवळपास तिन्ही सारखेच. हा तक्ता प्रबंधात छापला असता तर खाली मी लिहिलं असतं, 'सदर कुटुंब तिन्ही निकषांना समान महत्त्व देते.' गणिताने चोख. पण असं मत असलेला माणूस त्या घरात राहतच नाही! एकाला छोटी गाडी हवी आहे, दुसरीला मोठी, आणि सरासरीने भांडणच पुसून टाकलं. शंभर घरांची सरासरी काढाल तेव्हा हे आणखी खोल पुरलं जाईल. म्हणून जोडप्यांचा अभ्यास करणार असाल तर दोघांना वेगळं विचारा आणि दोघांमधलं अंतर हाच एक व्हेरिएबल म्हणून ठेवा.

एक कबुली द्यायला हवी. एएचपी असं धरून चालतं की निकष एकमेकांपासून सुटे आहेत. गाडीत तसं नसतं. मामीच्या सोयीत एसी होता. एक टनाचा एसी साधारण एक किलोवॅट वीज घेतो. 12.8 व्होल्ट, 200 अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत 2560 वॅट-अवर मावतात, म्हणजे सलग चालवला तर अडीच तास. कंप्रेसर मध्ये मध्ये थांबतो म्हणून थोडं जास्त धरा. मे महिन्यातल्या रोह्याच्या रात्रीत ते पुरत नाही. म्हणजे एसी हवा तर मुक्काम प्लग असलेल्या जागीच, आणि 'वाटेल तिथे थांबू' हे मामाचं स्वप्न गेलं. बॅटऱ्या वाढवल्या तर वजन वाढतं. पाण्याचंही तेच: शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो आले. एका निकषाची कळ दाबली की दुसरे दोन हलतात. अशा परस्परावलंबी निकषांसाठी साटींनीच पुढे एएनपी ही पद्धत आणली, पण दोन माणसांच्या आणि दोन गाड्यांच्या प्रश्नाला तिची गरज नव्हती. गरज होती ती गाडीत झोपून बघण्याची.

पायलट

मामाला मी म्हटलं, घ्यायच्या आधी भाड्याने घे. तीन रात्री. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणल्यापासून भाड्याच्या कॅम्परव्हॅनचं नाव लोकांच्या कानावर तरी पडलंय. मामा म्हणाला, डिसेंबरात जाऊ, हवा छान असते. मी नको म्हटलं. पायलट सोयीच्या ऋतूत केला की जे मोडायचं ते मोडत नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात लांब ट्रॅव्हलरवरची गाडी मिळाली. वाट ठरली ती रोहा, मुरुड, आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी, मग दिवेआगर, हरिहरेश्वर आणि म्हसळा-माणगावमार्गे परत. दोघांना दोन वेगळ्या वह्या दिल्या. एकमेकांची वाचायची नाही, एवढीच अट.

वह्यांत जे आलं त्यातलं बरंचसं माझ्या प्रश्नावलीत नव्हतंच.

बेड आडवा होता. आतल्या बाजूला झोपलेल्याला रात्री उठायचं तर बाहेरच्याच्या अंगावरून जावं लागतं. मामा दोनदा उठतो, मामी दोनदा जागी झाली, आणि तिसऱ्या रात्री मामा खाली चटईवर झोपला. (बोलल्याप्रमाणे!) साठीच्या जोडप्याने बेडची लांबी-रुंदी पाहण्याआधी तो उभा आहे की आडवा, हे पाहायला हवं.

संडास आत होता, अट पूर्ण. पण कॅसेट दोन माणसांत दोन-तीन दिवसांत भरते, आणि ती रिकामी कुठे करायची हे कोणी विचारलंच नव्हतं. परदेशी कॅम्पिंगच्या जागांवर त्यासाठी सोय असते, आपल्या वाटेवर ती शोधावी लागते. हरिहरेश्वरला एका घरगुती मुक्कामाच्या मालकांनी त्यांच्या संडासात ओतू दिली. मामाने आधी कॅसेटमधलं केमिकल कोणतं ते वाचून पाहिलं, कारण जंतुनाशक जहाल असेल तर सेप्टिक टँकमधले उपयोगी जिवाणूच मरतात. केमिस्ट्रीवाल्याचा एवढा तरी उपयोग. पण पुढच्या सहा महिन्यांच्या प्रवासात रोज कोणाच्या दारात हे मागायचं? हा प्रश्न मामाच्या वहीत तीन वेळा आलाय.

आणि दिवेआगर. सुपारीच्या वाड्यांमधला अरुंद रस्ता, दोन्हीकडे गडगे, आणि समोरून एसटी. मामाला बरंच मागे यावं लागलं. मामी भर उन्हात खाली उतरून "येऊ दे, येऊ दे, थांबा!" करत होती. त्या रात्रीची तिची नोंद एवढीच: "सात मीटर म्हणजे किती ते आज कळलं." परतल्यावर तिला तोच जुना प्रश्न विचारला. सोय आटोपशीरपणाच्या पाच पट होती, ती आता दुप्पट झाली. मामाचे आकडे मात्र जराही हलले नाहीत.

लोकांच्या पसंती आधीपासून मनात तयार असतात आणि आपण त्या फक्त वाचून काढतो, असं आपण धरतो. पॉल स्लोविक आणि त्यांच्यासोबत काम केलेल्यांनी दाखवलं की पसंती बऱ्याचदा विचारण्याच्या ओघातच घडते, आणि कसं विचारलं यावर ती बदलते. एसटीत बसून दिलेले मामीचे आकडे खोटे नव्हते. ते सात मीटरची गाडी न पाहिलेल्या मामीचे होते. म्हणून पायलटच्या आधीची आणि नंतरची अशी दोन्ही उत्तरं मी ठेवली आहेत, पहिली खोडलेली नाहीत.

मामीच्या वहीत शेवटी एक ओळ होती, जिच्यामुळे माझा तक्ता पुन्हा मांडावा लागला. परतताना माणगावजवळ मामाच्या पाठीत उसण भरली आणि तासभर गाडी बाजूला लावावी लागली. तेव्हा ती त्याला म्हणाली होती, "अहो, हेच राजस्थानात झालं तर गाडी घरी कोण आणणार?" तिच्याकडे फक्त स्कूटीचं लायसन्स आहे. आम्ही तिघांनी इतके दिवस ड्रायव्हर एकच धरला होता, आणि ते गृहीतक आहे हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. दोघांनाही चालवता यायला हवी, ही नवी अट झाली. ती चाळणीला लावली तर लांब ट्रॅव्हलर बाद होईल का? मामा म्हणतो होईल. मामी म्हणते, शिकल्याशिवाय कसं सांगू?

हर्बर्ट सायमनच्या भाषेत बोलायचं तर दोघांनी सर्वोत्तम गाडीचा नाद सोडलाय आणि 'पुरेशी चांगली' म्हणजे किती, हे ठरवायला घेतलंय. मधल्या व्हीलबेसची, 3350 ची ट्रॅव्हलर आणि तिच्यात उभा बेड बसतो का, हे मामा मोजपट्टी घेऊन बघून आला. गाडी अजून घेतलेली नाही. पाऊस सुरू झालाय, त्यामुळे घाईही नाही. मामीचं लर्निंग लायसन्स मागच्या आठवड्यात आलं आणि रोज सकाळी ती कोलाडच्या रस्त्यावर शिकायला जाते. पुढची मुलाखत दसऱ्यानंतर ठेवली आहे. मामीची मुलाखत ती स्टिअरिंगवर असताना घ्यायची असं ठरवलंय, आणि मामाची त्याच्या शेजारच्या सीटवर.